काचेवरचा नवस

नवस बोलायलाही थोडी अक्कल लागते, हे मला केस पांढरे झाल्यावर कळलं. तोवर मी येता-जाता बोलत आले. कुकरची शिट्टी अडली, बोल नवस. मंगेशचा पेपर, बोल नवस. एकदा तर रिसोडची एसटी चुकू नये म्हणून मारुतीला नारळ बोलले आणि तो नारळ विकत घ्यायच्या नादात एसटी गेली निघून. आता यात मारुतीचा काय दोष?

पण ते सगळे किरकोळ नवस. आज सांगते आहे तो मोठा. आणि त्याची मी स्वतःच्या हातांनी जी माती केली, ती ऐकून तुम्ही हसाल. हसा बापा. मीही हसते. फक्त मध्येच कुठेतरी थांबावं लागतं, एवढंच.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मंगेशचे बाबा गेले. रिसोडला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. रोज सकाळी गाडीने जायचे, संध्याकाळी परत. गावच्या वळणावर आले की लाईटचा डिप्पर मारायचे, दोनदा. म्हणजे मी चहाचं आधण ठेवावं. फोन असताना डिप्पर कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "फोन उचलाले तुले चष्मा लागते. लाईट बिनचष्म्याचा दिसते."

ते गेले आणि गाडी दारापुढे उभी राहिली. पांढरी गाडी, जुनीच, पण अंगाने धडधाकट. फक्त समोरच्या लाईटच्या काचा पिवळ्या पडलेल्या. काच म्हणायची आपली, असतं ते प्लास्टिक. मोतीबिंदू झालेल्या म्हातारीसारखी गाडी आमच्या दाराकडे बघत बसायची आणि मी ओट्यावर बसून तिच्याकडे.

वर्षश्राद्ध झालं तसा मंगेशने विषय काढला. तो अकोल्याला नोकरीला. महिन्यातून एकदा येतो, गाडी चालू करून ठेवतो. म्हणाला, "आई, मी चालवत नाही, तू चालवत नाही. उभ्या उभ्या सडून राह्यली. एखाद्याच्या कामी तर येईन."

बरोबरच होतं त्याचं. बरोबर बोलणाऱ्या मुलाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत. मी हो म्हटलं आणि तशीच उठून देवीच्या देवळात गेले.

तिथे बोलले तो हा नवस. म्हटलं, माय, गाडी बघायला कोण येईल त्याला येऊ दे, पण घ्यायचं कुणाच्या मनात येऊ देऊ नको. खंडेनवमीपर्यंत गाडी माझ्या दारात राहिली, तर हे करायचे तशीच तिची साग्रसंगीत पूजा करीन आणि तुझी ओटी भरीन.

आणि सांगते, देवी ऐकून राहिली होती! मंगेशने फोटो टाकले, लोक आले. कुणी दार उघडून पाहिलं, कुणी टायरला लाथ मारून पाहिली. (टायरला लाथ मारून काय कळतं, हे मला अजून कळलेलं नाही.) शेवटी सगळे समोर येऊन उभे राहायचे, त्या पिवळ्या काचांकडे बघायचे आणि मान हलवायचे. "लाईट गेले हो काकू. रात्री काय दिसन?" की निघाले. मी तोंडावर दुःख आणून त्यांना फाटकापर्यंत पोचवायची आणि संध्याकाळी देवीच्या दिव्यात पळीभर तेल जास्त घालायची.

पेरणीच्या दिवसांत एक मास्तर येऊन गेले. इंगोले सर. आमच्याच रस्त्यावर पुढे त्यांचं गाव. "जय भीम काकू," म्हणाले, गाडी शांतपणे पाहिली, लाईटच्या काचेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग मोटरसायकलला किक मारली. मी पाणी दिलं त्यांना. चहा विचारला नाही. म्हटलं, चहाला बसले तर मन बदलायचं.

होता होता नवरात्र आलं. नवमी तोंडावर आली आणि गाडी दारात! नवस फळला. आता पूजा.

मागच्या वर्षी सुतकाचं वर्ष, म्हणून पूजा झाली नव्हती. त्याआधी हे स्वतः करायचे. पहाटे गाडी धुणार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. मी आदल्या दिवशीच बादली घेऊन गाडीपुढे उभी राहिले आणि पहिल्यांदा त्या काचांची लाज वाटली. अशा डोळ्यांना आरती दाखवायची? तिला ती दिसणार तरी का?

आता काच पिवळी म्हणजे मळ, एवढं साधं माझं शास्त्र. देवाची पितळी भांडी मी उभा जन्म घासत आले. आणली चिंच, आणलं मीठ. घासलं. चिंच संपली, पिवळं तसंच. मग चुलीतली राख आणली आणि नारळाची शेंडी. जोर लावून घासलं. पिवळं तसंच, वर ओरखडे. मग काय सुचावं? खोबरेल तेल चोळलं. आणि काय सांगू, काच अशी चमकली, अशी चमकली की मी शेजारच्या सुमनला हाका मारून बोलावलं.

पण दिवस कोणते? सोयाबीनचे. मागच्या वावरात मळणी यंत्र सुरू होतं, सगळं कुटार, सोयाबीनचा भुसा, हवेत. दुपारी बघते तर दोन्ही लाईटना दाढी आलेली.

सुमन फाटकाला टेकून बघतच होती. म्हणाली, "काकू, आता न्हाव्याले बोलवा."

तेल पुसायला फडकं शोधायचं म्हणून मी डिक्की उघडली. तिथे, स्टेपनीच्या बाजूला, एक कापडी पिशवी होती. आत पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर, खरबरीत ते बारीक, ओळीने लावलेले. एक पॉलिशची ट्यूब. चिकटपट्टी. एक लहानशी बाटली. कशालाच हात लागलेला नव्हता.

तेव्हा आठवलं. जायच्या थोडेच दिवस आधी ह्यांनी ते सगळं रिसोडहून आणलं होतं. मी तांदूळ निवडत होते आणि हे समोर बसून मला समजावत होते. "अवं, हा मळ नाही. उन्हानं वरची कातडी जळते, ती काढा लागते. कडेनं पट्टी लावाची, नाहीतर गाडीचा रंग जाते. पहिले खरबरीत, मंग बारीक, मंग त्याहून बारीक. पाणी सोडत राह्यचं. आन् पहिल्यांदा आणखीनच धुरकट होते, तवा भेऊ नको. मंग पॉलिश. आन् शेवटी या बाटलीतला लेप, नाहीतर ऊन पुन्हा खाते. आइकून राह्यली ना तू?"

मी म्हटलं होतं, "हो ना जी." माझं लक्ष खड्यांकडे होतं. "येत्या रविवारी करू," असं म्हणून ते उठले होते. तो रविवार काही आला नाही.

आता गंमत बघा. लक्ष नव्हतं म्हणते, पण शब्द न शब्द डोक्यात होता. मी जमिनीवर फतकल मारली, कडेनं पट्टी लावली आणि खरबरीत कागद भिजवून घासायला लागले. पिवळं पाणी वाहायला लागलं. काच आधीपेक्षा धुरकट झाली, अगदी ताकासारखी. मग मीच मोठ्याने म्हटलं, "भेऊ नको."

सुमन म्हणाली, "कोनाले म्हणून राह्यल्या काकू?"

"गाडीले," मी म्हटलं.

बारीक कागद, मग त्याहून बारीक. मग पॉलिश, मऊ फडक्याने गोल गोल, चंदन उगाळतात तसं. आणि काय सांगू तुम्हाला, हळूहळू आतली वाटी दिसली, बल्ब दिसला, आणि शेवटी त्या वाटीत माझं तोंड दिसलं, उलटं. रडून सुजलेलं तोंड उलटं फार विनोदी दिसतं हो. बाटलीतला लेप देऊन काच वाळत ठेवली तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

इथवर तुम्ही म्हणाल, यात फजिती कुठे? आता येते.

आमच्या गावात कुणी बैल घासूनपुसून काढला की लोक विचारतात, कोणत्या बाजारी नेता? गाडीचंही तेच. सुमन बोलायला लागली, आणि सुमन बोलली म्हणजे ते मालेगावपर्यंत जातं. काकूंनी लाईट नवे केले, म्हणजे काकूंचं मन झालं. नवमीला सकाळपासून माणसं यायला लागली आणि मला वाटलं, बघा, ह्यांची आठवण काढून लोक पूजेला आले! मी कुंकू लावून, हातावर साखर ठेवून गाडीचं कौतुक सांगत सुटले. पैनगंगेला पूर होता तर पुलावर घातली नाही, मुक्काम केला. कधी खड्ड्यात आदळली नाही. स्वतः उपाशी राहतील, पण गाडीचं तेल वेळेवर. आणि तो डिप्पर, आणि तो चहा, तेही सगळं सांगितलं. असं गुणगान मी मंगेशच्या लग्नातही त्याचं केलं नव्हतं.

दुपारी इंगोले सर आले. मागे मोटरसायकलवर बायको, अगदी काडी झालेली. मी खुर्ची दिली आणि डिप्परसकट सगळं कौतुक त्यांनाही ऐकवलं. सर लाईटपुढे उकिडवे बसले आणि बघतच राहिले. "काकू, लावता का जरा?" म्हणाले. चावी फिरवून लाईट लावणं, ह्यांनी मला शिकवलेली तेवढी एकच विद्या. मी लावले. समोरच्या भिंतीवर, दिवसाउजेडीही, दोन स्वच्छ गोल पडले. सरांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मला वाटलं, पूजा आवडली.

"मंगेशशी मी बोलतो," सर हळूच म्हणाले. "आज सणाच्या दिवशी तुमाले तरास नाही देत."

मला वाटलं, पॉलिशच्या ट्यूबचं नाव विचारायचं असेल.

मग मी आरती केली आणि ताट सगळ्यांपुढे फिरवलं. सरांपुढेही गेलं. त्यांनी आरतीवर हात धरला नाही, तो त्यांचा रिवाज नाही. खिशातून पाचशेची नोट काढली, हळूच ताटात ठेवली आणि हात जोडून म्हणाले, "एवढं ठेवून घ्या काकू. बाकीचं दिवाळीच्या आत देतो."

बाई गं, हप्त्याने आरती करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला! जय भीम म्हणून दारात आलेला मास्तर माझ्या गाडीच्या आरतीत पाचशेची नोट कशाला टाकेल, हा प्रश्न डोक्यात यायला नको? नाही आला. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ह्यांनी किती माणसं जोडली होती.

तशीच ताट घेऊन देवळात गेले. देवीची ओटी भरली, नवस फेडला, आणि ती नोट दानपेटीत टाकली. माय, तू माझी गाडी राखलीस, म्हटलं.

दिवेलागणीला मंगेशचा फोन. आवाज एकदम मऊ. "आई, तू इसार घेतला म्हणे सरांकडून. मले बरं वाटलं. मले वाटलं होतं तुले जमनार नाही."

इसार! गाडीचा सौदा, देवीच्या साक्षीने, आरतीच्या ताटात, माझ्याच हाताने. आणि ती नोट कुठे? दानपेटीत. पेटीला ट्रस्टचं कुलूप. आणि कुलूप नसतं तरी देवीच्या पेटीत हात कोण घालणार?

सकाळी दसरा. मी दुसरी पाचशेची नोट काढली. खुंटीवरची जी पिशवी हाताला लागली ती घेतली आणि जीपने सरांच्या गावी गेले. वाटभर मनात बोलणं जुळवत होते. सर, चूक झाली. सर, माझा नवस होता. सर, ती गाडी नाही हो, ती.. पुढे शब्द सापडेना.

सर घरी नव्हते, विहारात गेले होते. वंदनाताई, त्यांची बायको, एकटीच पांढरं लुगडं नेसून दारात बसली होती. जायचं होतं पण पायी चालवत नाही, म्हणाली. मला आत घेतलं आणि भिंतीला धरून धरून चहा ठेवला. कप भरून माझ्यापुढे ठेवला. तिच्यापुढे काहीच नाही.

"तुमी नाही घेत?" मी विचारलं.

"मले पाणी मोजून असते," ती म्हणाली. "किडन्या गेल्या काकू. वाशीमले डायलिसिसले जाते मी."

मोजून पाणी पिणाऱ्या बाईने मला कप भरून दिला होता. आणि मी पेरणीच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला चहा विचारला नव्हता.

मी पिशवीचं तोंड नुसतं चुरगाळत होते. तिने ते पाहिलं असावं. म्हणाली, "मन होत नसन तर राहू द्या काकू. सरले मी समजावीन."

"नाही वं, तसं नाही," मी म्हटलं. तसंच तर होतं.

मग ती हसून सांगायला लागली. डायलिसिस झालं की हातापायातला जोर जातो. येताना सांज होते. मोटरसायकलवर मागे धरून बसता येत नाही. "तं सर मले जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधतात, लेकरासारखं. लोकं पाह्यतात. सर म्हणतात, पाहू दे, माहं दप्तर हाये म्हणा." आधी सर तुमचीच गाडी पाहून आले होते, म्हणाली. सर घरी येऊन फार हळहळले होते. गाडी चांगली, पण लाईट आंधळे, आणि आपलं येणं नेमकं अंधाराचं.

मी पिशवीत हात घातला. नोट काढायलाच घातला होता, खोटं कशाला बोलू. पण पिशवी कोणती आणली होती मी? डिक्कीतली. हाताला ती लेपाची लहान बाटली लागली, अर्धी उरलेली. तीच बाहेर आली.

"हे द्यायला आले होते," मी म्हटलं. "वर्षातून एकदा काचेवर लावा. नाहीतर ऊन पुन्हा खाते."

तिने बाटली दोन्ही हातांत घेतली. मग आपट्याची पानं नव्हती म्हणून अंगणातलं झेंडूचं फूल तोडून मी तिच्या हातात ठेवलं आणि जीप धरली.

गावात उतरले ती सरळ देवळात, देवीशी भांडायला. म्हटलं, नवस घेतलास, ओटी घेतलीस, पाचशेची नोटही घेतलीस, आणि गाडी गेलीच ना? राखायला काय झालं होतं तुला? देवी आपली समोर बघत बसलेली. आणि तिच्या डोळ्यांकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, ती राखतच होती! अख्खा पावसाळा त्या दोन काचांवर पिवळं सारवण घालून तिने एकेक गिऱ्हाईक परत पाठवलं. माझा नवस तिने काचेवरच लिहून ठेवला होता. आणि मी? मी पाणी सोडून सोडून, खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक कागदाने तो घासून काढला.

देवळातल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसत होते की रडत होते, ते मलाही सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या आत गाडी गेली. दारापुढे तेलाचा एक डाग तेवढा राहिला. त्यावर मी रांगोळी काढत नाही, बाजूने काढते.

आणि एक दिवस सांजेला ओट्यावर वाती वळत बसले होते, तर वळणावर लाईट चमकला. दोनदा. पांढरा स्वच्छ, बिनचष्म्याचा दिसेल असा. मी उठले, गॅस पेटवला, आधण ठेवलं, साखर टाकली. ह्यांचा कप विसळायला घेतला तेव्हा भानावर आले. कौतुकाच्या भरात सरांना डिप्परचं मीच सांगितलं होतं ना.

पण आधणाला काय कळतं? ते उकळलं. मी कप घेऊन फाटकात गेले, तर गाडी उभीच होती. सर उतरले. वंदनाताई पुढच्या सीटवर, मान टेकून, कशालाही न बांधलेली. सरांनी चहा घेतला. तिने त्याच कपातून एक घोट घेतला, तिच्या मोजणीतला. आता डायलिसिसच्या दिवशी मी वळणाकडे बघत बसते. चहा जरा जास्तच ठेवते.

म्हणून बायांनो, एकच मागणं आहे. तुमच्याही दारात कुणाचं काही उभं असेल, कुणी रविवारी करू म्हणून ठेवून गेलं असेल, तर माझ्यासारखं करा. पाण्याची बादली घ्या, खाली बसा आणि घासा. आधी धुरकट होईल, भिऊ नका. फक्त काच चमकली की आरतीचं ताट तेवढं आधी घरात ठेवून या.